दहा टक्के पाणीकपात, पण कुणाचे दहा टक्के?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकणं जमत नाही, किंवा जे इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी. आजचा विषय आहे पाणीकपात. आणि आपण राहणार आहोत मुंबईत, कारण या शहराला पाणी मोजूनमापून वापरण्याचा पावणेदोनशे वर्षांचा अनुभव आहे.

बातमीतले दहा टक्के

सुरुवात अगदी अलीकडची. ३० मे २०२४ पासून मुंबई महापालिकेने ५ टक्के पाणीकपात सुरू केली. ५ जूनला ती १० टक्के झाली. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांतला साठा एक दशांशाच्या आसपास आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. पुढे तलाव भरायला लागले आणि २९ जुलैला कपात मागे घेतली.

यात नवीन काही नव्हतं. २०२३ च्या जुलैमध्येही १० टक्के कपात होती. २०१५-१६ मध्ये घरगुती पाण्यात २० टक्के होती. २००९ च्या जुलैमध्ये तर काही दिवस ३० टक्क्यांपर्यंत गेली होती. मुंबईकरांना ही बातमी इतकी सवयीची झालीये की आपण ती वाचतो, ‘बादल्या भरून ठेवा गं’ असं घरात ओरडून सांगतो आणि पुढच्या रीलकडे वळतो.

ऐकायला हे फार न्याय्य वाटतं. सगळ्यांचे दहा टक्के कापले. मलबार हिलचेही दहा, मानखुर्दचेही दहा. यात तक्रार कसली?

माझं म्हणणं असं आहे की टक्के हा तलावाजवळ बसून केलेला हिशोब आहे. तिथून पाणी निघतं आणि घरापर्यंत येतं, तेव्हा त्या दहा टक्क्यांचं प्रत्येक घरात काहीतरी वेगळंच झालेलं असतं. एका घरात कळतसुद्धा नाही. दुसऱ्या घरात महिन्याला हजार रुपयांचा खड्डा पडतो. तिसऱ्या घरात कुणाची तरी शाळा बुडते. आणि हे असं का होतं, हे समजून घ्यायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल. १८५४ मध्ये.

१८५४: जनावरं माहीमला, पाणी होडीतून

त्या काळची मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. शहर मात्र झपाट्याने वाढत होतं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, बंदरात व्यापार वाढत होता, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत होती. पाणी तेवढंच होतं.

१८५४ मध्ये पाऊस फसला आणि शहर हादरलं. पाणी पिणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून सरकारने जनावरं शहरातून माहीमकडे हलवायला लावली. बोरीबंदर, चिंचबंदर, डोंगरी या भागांतल्या विहिरींत बाहेरून होड्यांनी आणलेलं पाणी ओतलं गेलं. विचार करा, विहिरीतून पाणी काढायचं असतं, तिथे विहिरीत पाणी ओतायची वेळ आली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर हा टँकरच होता, फक्त समुद्रातून येणारा.

या टंचाईनंतर विहार तलावाच्या योजनेला गती मिळाली. हेन्री कॉनिबेअर या इंजिनीअरने ती आखली होती. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी पाईपमधून शहरात आलं. मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून केलेला हा तलाव. शहराच्या बाहेर पाणी अडवायचं आणि मोठ्या नळाने आत आणायचं, ही मुंबईची पद्धत तेव्हा ठरली ती आजपर्यंत तीच आहे. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडक सागर, मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब जायचं.

पण तलाव बांधणं हा अर्धाच भाग झाला. ते पाणी शहरात आल्यावर कुणाच्या दारापर्यंत जाणार, हा दुसरा अर्धा. तिथे पहिल्या दिवसापासून दोन रांगा होत्या. ज्यांची ऐपत होती त्यांनी घरात नळ घेतले. बाकीच्यांसाठी रस्त्यावर सार्वजनिक नळ. एका रांगेत पाणी माणसाकडे येत होतं, दुसरीत माणूस पाण्याकडे जात होता. आजचा सगळा मामला याच फरकातून सुरू होतो.

नावात तलाव, जागेवर रस्ता

मुंबईच्या बसच्या पाट्या वाचल्यात कधी? धोबी तलाव. सी. पी. टँक. गोवालिया टँक. नावात सगळीकडे पाणी, पण उतरलात तर हाताला थेंब लागत नाही. गोवालिया टँकचं ऑगस्ट क्रांती मैदान झालं. धोबी तलावाच्या जागी आता फक्त गर्दीचं नाकं आहे.

हे तलाव गेले कसे? नळाचं पाणी आलं तशी त्यांची गरज कमी वाटू लागली आणि दुसरीकडे त्यांची भीती वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात मलेरिया जोरात होता. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मलेरियावरचा अहवाल आला. डासांची पैदास शहरातल्या विहिरींत होते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. मग उघड्या विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम निघाली. अनेक समाजांनी धार्मिक कारणांसाठी विरोधही केला. चर्चगेटजवळची १७२५ ची भीखा बेहराम विहीर अजून आहे, पण ती अपवाद.

आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. मलेरियाने माणसं मरत होती. पण त्याचा एक परिणाम झाला. विहीर ही गरिबाची राखीव सोय होती. नळाला पाणी नाही आलं तर पोहरा सोडता येत होता. विहिरी गेल्या तशी ही सोय गेली आणि सगळं शहर एकाच नळावर आलं. मग ज्याचा नळ कमजोर, त्याच्याकडे दुसरा पर्याय राहिला नाही. गंमत बघा, आज टँकर भरतात तेही बरेचदा खासगी विहिरी आणि बोअरवेलमधूनच. म्हणजे जमिनीखालचं पाणी संपलं नव्हतं. ते फुकट मिळायचं, ते विकत मिळायला लागलं.

दोन टेकड्यांची गोष्ट

झोपडपट्टीत पाणी का पोचत नाही, याचं एक ठरलेलं उत्तर आहे: ‘ती वस्ती टेकडीवर आहे, पाणी वर चढत नाही.’ घाटकोपर, विक्रोळी, भांडुप इथल्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांबद्दल हे नेहमी ऐकायला मिळतं. यात तथ्य आहेच. पाण्याला दाब लागतो, आणि उंचावर तो कमी पडतो.

पण मुंबईत आणखी एक टेकडी आहे. तिचं नाव मलबार हिल. तिथे हँगिंग गार्डन आहे, शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तिथे डबा खाल्लाय. ती बाग कशावर आहे माहितीये? पाण्याच्या टाकीवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिथे मोठा जलाशय बांधला गेला. त्यावर आच्छादन घातलं आणि वर बाग केली. दक्षिण मुंबईला आजही तिथून पाणी जातं. हे पाणी फक्त बंगल्यांना जातं असं नाही, गिरगावातल्या चाळींनाही जातं. पण मुद्दा उंचीचा आहे. टेकडी तीही आणि टेकडी हीही. एका टेकडीवर शहराने टाकी बांधली, म्हणून उंची ही तिची ताकद झाली. दुसऱ्या टेकडीवर माणसं आधी आली, टाकी वेळेत आली नाही, म्हणून उंची हा तिचा गुन्हा झाला.

भांडुपला आशियातल्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक केंद्र आहे. तानसाची ती माणसाच्या उंचीची पाईपलाईन उपनगरांतून जाते. तिच्या कडेला कित्येक वर्षं अशी घरं होती, ज्यांच्या भिंतीला टेकून कोट्यवधी लिटर पाणी वाहत होतं आणि घरात नळ नव्हता.

१३५ आणि ४५

आता आकड्यांकडे येऊ. थोडं गणित आहे, पण पाचवीतलं आहे, घाबरू नका.

मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येतं. लोकसंख्येने भागलं तर माणशी ३०० लिटरच्या आसपास येतात. यातून उद्योग, हॉटेलं, गळती, चोरी हे सगळं वजा करायचं, तरी आकडा वाईट नाही. म्हणजे मुंबईचा मूळ प्रश्न पाणी नसण्याचा कमी आणि वाटण्याचा जास्त आहे.

वाटायचं कसं? महापालिकेच्या नियोजनात वर्षानुवर्षं दोन निकष वापरले गेले. इमारतीत राहणाऱ्या माणसासाठी दिवसाला १३५ लिटर. झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसासाठी ४५ लिटर. यामागे तर्क होता की झोपडीत संडास-बाथरूम नाही, नळ सामाईक आहे, त्यामुळे पाणी कमी लागतं. खरं तर पाणी कमी मिळतं म्हणून कमी वापरलं जातं, पण कागदावर ते उलटं लिहिलं गेलं.

आता पाच माणसांचं कुटुंब धरू. इमारतीत त्यांचा वाटा ६७५ लिटर. वस्तीत २२५ लिटर. दोघांचे १० टक्के कापा. इमारतीतले साधारण ६७ लिटर गेले. फ्लशची टाकी दहा लिटरची धरली तर हे सहा-सात फ्लश झाले. गाडी धुणं बंद केलं, शॉवरऐवजी बादली घेतली, की भागलं. वस्तीतले गेले साडेबावीस लिटर. दीड हंडा. आकड्यात तिप्पट कमी. पण पाच माणसांना दिवसभर प्यायला आणि स्वयंपाकाला लागतं ते पाणी साधारण एवढंच असतं.

एकाच्या घरातून सैलसर पाणी कापलं गेलं, दुसऱ्याच्या घरातून गरजेचं. टक्के मात्र समान.

कपात घरात शिरते कशी

वरचा हिशोब तरी खूप सरळ आहे. त्यात असं गृहीत धरलंय की दोन्ही घरांतून खरंच दहा-दहा टक्केच कापले जातात. प्रत्यक्षात तसंही होत नाही.

मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही. शहराचे पाणीपुरवठ्यासाठी अडीचशेहून जास्त छोटे विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाला ठरलेल्या वेळी, काही तास पाणी सोडतात. त्यासाठी रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडावे-मिटावे लागतात. हे काम करणाऱ्या कामगारांना लोक चावीवाले म्हणतात. नीट बघितलं तर हे रोजचंच रेशनिंग आहे, बारा महिने चालणारं. कपात जाहीर होते तेव्हा या रेशनिंगमध्ये अजून काटछाट होते. एक तर वेळ कमी होते, नाहीतर दाब कमी होतो.

आता तीन घरं बघू.

पहिलं घर टॉवरमध्ये. इमारतीखाली जमिनीत मोठी टाकी आहे. रस्त्यावरच्या पाईपला दाब कमी असला तरी टाकी जमिनीच्याही खाली असल्यामुळे पाणी त्यात उतरतंच. मग पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पाणी पहाटे चारला आलं की सातला आलं, घरातल्या माणसाला पत्ताही नसतो. त्याच्यासाठी नळ कायम चालू आहे. फ्लशला बोअरवेलचं पाणी असेल तर आणखीच निवांत. कपात त्याला कळते ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

दुसरं घर जुन्या चाळीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ मध्ये आलं आणि वस्त्यांतली कित्येक कुटुंबं सात-सात मजली इमारतींत गेली. कागदावर ही मंडळी आता ‘इमारतवाली’. पण टाकी आणि पंप असून चालत नाही. पंपाचं वीजबिल भरावं लागतं, मोटर जळली तर वर्गणी काढावी लागते. चार घरांनी महिन्याचे पैसे दिले नाहीत की पंप बंद. मग सहाव्या मजल्यावरच्या काकू हंडा घेऊन जिन्याने. लिफ्ट? लिफ्टचंही बिल असतंच.

तिसरं घर वस्तीत, लाईनच्या शेवटी. पाच-सात घरांत मिळून एक जोडणी. पाणी तासभर येतं, आणि पाईपला दाब नसेल तर आधीची घरंच ते ओढून घेतात. कुणी नळाला मोटर लावली की पुढच्यांच्या नळातून नुसती हवा. शिवाय पाईप दिवसभर रिकामे असतात, त्यांत आजूबाजूच्या गटाराचं पाणी झिरपू शकतं. म्हणून पहिली काही मिनिटं गढूळ पाणी सोडून द्यावं लागतं. पाणी चार तास येत असेल तर दहा मिनिटं काहीच नाहीत. चाळीस मिनिटं येत असेल तर पाव हिस्सा गेला. उरलेलं उकळायचं म्हटलं तर गॅस.

म्हणजे तलावावर कापलेले दहा टक्के लाईनच्या सुरुवातीला दोन टक्के होऊ शकतात आणि शेवटी शंभर. ज्याच्याकडे साठवायला टाकी, त्याच्याकडे वेळ नावाची गोष्ट उरते. ज्याच्याकडे दोन पिंपं आणि चार कळश्या, त्याला पाण्याच्या वेळेला हजर राहावंच लागतं. पाणी पहाटे साडेतीनला आलं तर साडेतीनला. आणि हजर कोण राहतं? घरातली बाई, नाहीतर मोठी मुलगी. सकाळी सातला ज्या मावशी टॉवरमध्ये भांडी घासायला येतात, त्यांची पहाट अशी गेलेली असते. मग त्या त्या घरातला नळ उघडतात आणि पाणी धो-धो येतं, कपातीच्या दिवसांतसुद्धा.

मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी मुंबईच्या पाण्यावर ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक लिहिलंय, २०१७ मध्ये आलं. त्यात दाब या गोष्टीला मध्यवर्ती जागा आहे. पाईपमधला दाब, आणि तो मिळवण्यासाठी नगरसेवक, इंजिनीअर, प्लंबर यांच्यावर टाकावा लागणारा दाब. ज्याची ओळख त्याचा व्हॉल्व्ह, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात महाग पाणी कोण पितं?

महापालिकेचं घरगुती पाणी हजार लिटरला साधारण पाच-सहा रुपयांच्या आसपास पडतं. वस्तीतला दर त्याहून थोडा कमीच. फार स्वस्त आहे. पण हा दर नळात पाणी असेल तेव्हाचा.

नळ कोरडा पडला की बाजार सुरू. समजा सोसायटीने १०,००० लिटरचा टँकर ३,००० रुपयांना मागवला आणि ४० फ्लॅट आहेत. घरटी ७५ रुपये. हजार लिटरला ३०० रुपये पडले, पण मेंटेनन्समध्ये मिसळून गेले. आता समजा वस्तीत ३५ लिटरचा कॅन हातगाडीवरून २० रुपयांना घेतला. हजार लिटरला जवळपास ५७० रुपये. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, प्रत्येक वस्तीत, प्रत्येक उन्हाळ्यात भाव वेगळा असतो. पण दिशा तीच राहते. घाऊक घेणाऱ्याला स्वस्त, सुटं घेणाऱ्याला महाग. पाकीटबंद शाम्पूसारखं. ज्याच्याकडे साठवायची जागा नाही आणि एकदम द्यायला पैसे नाहीत, तो नेहमी जास्त भाव देतो. दिवसाला चार कॅन घेतले तरी महिन्याचे २,४०० रुपये झाले, आणि इतक्यात पाच माणसांना माणशी २८ लिटर मिळालं.

आता एक ताजी गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या खासगी टँकरवाल्यांनी भूजलाच्या परवान्यांच्या नियमांवरून संप केला. सोसायट्या, हॉटेलं, बांधकामं, सगळ्यांची तारांबळ उडाली. चार-पाच दिवसांत महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून टँकर ताब्यात घेण्याचा पवित्रा घेतला आणि संप मिटला. सरकारी यंत्रणा एवढी चपळ होऊ शकते हे बघून बरं वाटलं. पण मनात आलंच, की चार-पाच दिवस पाणी नसणं ही आपत्ती असेल, तर वर्षानुवर्षं नळच नसण्याला काय म्हणायचं?

पाण्याला तारीख लागते

कारण आतापर्यंत मी ज्यांच्याबद्दल बोलले, त्यांच्याकडे निदान जोडणी तरी होती. आपल्या हिशोबात चौथं घर आलेलंच नाही. ज्याच्या जोडणीलाच परवानगी नाही, त्याचं घर.

महाराष्ट्रात झोपडीला ‘अधिकृत’ मानण्यासाठी तारखा ठरत आल्या. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास दिले गेले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, नंतर १ जानेवारी २०००. त्या तारखेआधीचा पुरावा असेल तर तुम्ही पात्र. १९९६ मध्ये राज्य सरकारच्या परिपत्रकाने पाण्याची जोडणीही या तारखेला बांधली गेली. म्हणजे तुम्ही २००१ मध्ये मुंबईत झोपडी बांधली असेल, तर तुमच्या मुलाला तहान लागणं बेकायदेशीर. ती माणसं पाणी पीत नव्हती असं थोडंच आहे? ती विकत घेत होती, चोरून घेत होती, शेजारच्याला पैसे देऊन घेत होती. सगळ्यात कमी कमाई आणि सगळ्यात महाग पाणी, दोन्ही एकाच घरात.

पाणी हक्क समिती ही संघटना याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी बेकायदेशीर आहे एवढ्या कारणावरून कुणाला पाणी पूर्ण नाकारता येणार नाही. मात्र अधिकृत रहिवाशांच्या बरोबरीने मिळेलच असं नाही, दर जास्त लावता येईल, असंही त्यात होतं. २०२२ मध्ये महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं. निकालापासून धोरणापर्यंत सात वर्षं. आणि धोरणापासून प्रत्येक गल्लीतल्या नळापर्यंतचा प्रवास अजून चालूच आहे.

केप टाउनची आणीबाणी आणि आपला रोजचा दिवस

आता थोडा वेळ मुंबईबाहेर जाऊ, कारण एका आकड्याची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही.

दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन. २०१५ ते २०१७, सलग तीन वर्षं पाऊस कमी. २०१८ च्या सुरुवातीला ‘डे झीरो’ची चर्चा जगभर झाली, म्हणजे ज्या दिवशी शहराचे नळ बंद करून लोकांना रांगेत पाणी द्यावं लागेल तो दिवस. तो टाळण्यासाठी १ फेब्रुवारी २०१८ पासून मर्यादा घातली गेली: माणशी दिवसाला ५० लिटर. जगभरच्या माध्यमांनी त्यावर बातम्या केल्या. दोन मिनिटांत अंघोळ कशी करायची याच्या सूचना निघाल्या.

केप टाउनची आणीबाणी ५० लिटर. मुंबईच्या झोपडपट्टीचा साध्या दिवसांतला निकष ४५ लिटर.

मी हे दोन आकडे पहिल्यांदा शेजारी ठेवले तेव्हा थोडा वेळ गप्पच बसले. एका शहराची जी जगप्रसिद्ध आणीबाणी होती, त्याहून कमी पाण्यात दुसऱ्या शहरातले लाखो लोक रोज राहतात, आणि त्याला कुणी आणीबाणी म्हणत नाही.

केप टाउनमध्येही सगळ्यांचे ५० सारखे नव्हते. श्रीमंतांनी बोअरवेल खणल्या, टाक्या बसवल्या. २०२३ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात त्या शहरावरचा एक अभ्यास आला. त्यातल्या अंदाजानुसार वरच्या उत्पन्नगटातली १४ टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या शहराच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी वापरते, आणि तळातले ६० टक्क्यांहून जास्त लोक एक चतुर्थांशाच्या आसपास. देश वेगळा, इतिहास वेगळा, पण टाकी आणि बोअरवेलचा नियम तोच.

पाईपचं दुसरं टोक

एक घर अजून राहिलं, आणि ते मुंबईत नाहीच. तानसा, भातसा हे तलाव शहापूर तालुक्यात आहेत. शंभरेक किलोमीटरवरून ते पाणी मुंबईत येतं. याच तालुक्यातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडतो, धरणात त्यांची जमीन गेली, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या बाया आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. मुंबईच्या कपातीची बातमी होते, टक्के छापून येतात. पाड्यावरच्या कपातीला टक्केच नाहीत, कारण तिथे मोजायला नळ नाही.

१८५४ मध्ये शहराने आपली तहान बाहेर ढकलायला सुरुवात केली, तेव्हा विहार जवळ होतं. आता आपण वैतरणेपर्यंत गेलोय.

मग न्याय्य कपात कशी असते?

पाऊस कमी झाला तर कपात करावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण टक्क्यांऐवजी लिटरमध्ये विचार केला तर? ज्या विभागात माणशी ५० लिटरही मिळत नाही, तिथे हात लावायचा नाही. कापायचं ते वरून: १३५ च्या वर जिथे जिथे वापर आहे तिथून आधी, मग खाली. लाईनच्या शेवटच्या नळाचा दाब मोजायचा आणि तो टिकला तरच कपात ‘लागू’ झाली असं म्हणायचं. पाण्याची वेळ पहाटे तीनची असेल तर ती कुणाच्या झोपेतून येते, हेही मोजायचं. यातलं काहीच अशक्य नाही. ज्या शहराने १८६० मध्ये डोंगरातून नळाने पाणी आणलं, ज्याने टेकडीवर टाकी बांधून वर बाग फुलवली, त्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपातीची बातमी येईल, ती यायचीच. तेव्हा टक्के वाचून थांबू नका. किती तास, किती वाजता आणि लाईनच्या शेवटच्या घरात किती, हे तीन प्रश्न विचारा. आपल्या नगरसेवकाला विचारा, वॉर्ड ऑफिसला विचारा.

आणि हो, तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं आणि ते भरायला कोण उठतं, हे आम्हाला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. ‘आमच्याकडे चोवीस तास येतं’ असं असेल तर तेही सांगा, पण आधी खाली जाऊन टाकी आणि पंप बघून या. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि नळ नीट बंद करा!